काहीच न झालेल्या माणसाचा रंग

सफाईच्या मावशींनी दवाखान्याच्या फरशीवर निळी, पिवळी आणि लाल पट्टी चिकटवली त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षभरात एकही जंतू आपली खोली सोडून शेजारच्या खोलीत गेला नव्हता. निदान मावशींचं तसं म्हणणं होतं, आणि जंतूंच्या वतीने कुणी उलट बोलायला आलं नव्हतं.

सुरुवात अगदी साधी झाली. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर एक तक्ता लावला: प्रत्येक खोलीचं फडकं वेगळं. बसायच्या खोलीला निळं, ड्रेसिंगच्या खोलीला पिवळं, संडास-बाथरूमला लाल. संडासातलं फडकं चुकूनही जखमेच्या खोलीत जाता कामा नये. मावशींना हे पटलं. इतकं पटलं की दोन दिवस त्या त्यावरच विचार करत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाई, फडक्यांना तर आपण आवरलं. पण फडक्यांपेक्षा माणसंच जास्त फिरतात."

यावर डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. दुसऱ्या दिवसापासून माणसांनाही रंग मिळाले. दारातच बुटांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. सर्दी-खोकला-ताप असेल तर निळ्या. कापलं, भाजलं, खरचटलं तर पिवळ्या. पोटाचं काही असेल तर लाल, आणि खुर्ची थेट बाथरूमच्या दाराशी. सोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकांनी बाहेर उभं राहायचं. बेकरीवाले काका हात भाजून घेऊन आले तेव्हा त्यांना खोकलाही होता, म्हणून ड्रेसिंगला येताना ते एक पाय निळ्यात, एक पाय पिवळ्यात, बरोबर पट्टीवर खुर्ची टाकून बसत आणि उठताना आधी कुठला पाय उचलू, असं मावशींना विचारत.

डॉक्टरीणबाईंना आत यायचं तर काहीतरी व्हायला हवं, म्हणून त्या हजेरीच्या वहीत रोज 'सर्दी' लिहीत. ड्रेसर दादा सकाळी आल्या आल्या स्वतःच्या धडधाकट बोटाला पट्टी गुंडाळून घेत. सगळ्यांना सवय झाली होती.

आज मात्र तपासनीस येणार होते. त्यांच्या कागदावर दुपारी एकच्या आत 'स्वच्छता समाधानकारक' असं आलं नाही, तर सफाईचं काम ठेकेदाराकडे जाणार, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. ठेकेदाराची माणसंही त्यांनी पाहिली होती. गाडीतून येतात, सहा दवाखाने करतात आणि सहांना मिळून एकच फडकं. अकरा वर्षं ज्या फरशीवर गुडघे टेकले तिच्यावर ते फडकं फिरणार, या विचाराने मावशींना रात्रभर डोळा लागला नव्हता.

तपासनीस बाराला आले. इस्त्रीचे कपडे, काखेत फाइल, गाल गुलाबी.

"काय झालंय?" मावशींनी दारातच विचारलं.

"तपासणीला आलोय."

"ते कळलं हो. तुम्हाला काय झालंय?"

"मला? काही नाही."

"नीट आठवा. साधी शिंक? कुठे खरचटलं? सकाळी पोट साफ झालं का?"

"बाई, एकवीस वर्षांच्या नोकरीत मी आजारपणाची एक रजा घेतलेली नाही," तपासनीस ताठ होऊन म्हणाले.

मावशींच्या हातात तीन रंगांच्या पिशव्या होत्या आणि समोर एक पूर्ण निरोगी माणूस. काहीच न झालेल्या माणसाचा रंग त्यांनी ठरवलाच नव्हता. ठरवायची गरज काय? काहीच झालं नसेल तर माणूस दवाखान्यात येईल कशाला?

"साहेब, खोकून टाका एकदा," आजही ड्रेसिंगला आलेले बेकरीवाले काका आपल्या पट्टीवरून म्हणाले. "मी दाखवतो कसं ते."

"मी खोटं खोकणार नाही. मला सही करायची असते."

"मग माझा खरा घ्या थोडा. इकडे सरका."

"काका, तोंडावर रुमाल," मावशी म्हणाल्या.

घड्याळात सव्वाबारा झाले. एकदाच, फक्त आज, याला तसंच आत सोडावं का? मावशींचा पाय बाजूला व्हायला लागला आणि थांबला. एकाला बिनरंगाचं सोडलं तर वर्षभर बाहेर उन्हात उभ्या केलेल्या त्या सगळ्या आया, नवरे आणि सासवा यांना काय तोंड दाखवायचं?

तपासनीसांनी दारातूनच मान आत घातली. "डॉक्टर कशा काय आत?"

"त्यांना सर्दी आहे."

"चालू," डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या आणि नाक ओढलं.

"आणि ते?"

"बोट," ड्रेसर दादांनी पट्टी दाखवली.

"बरं. आणि तुम्ही?"

मावशींनी मनातल्या मनात स्वतःला डोक्यापासून तपासलं. दात शाबूत. गुडघे ठणठणीत, रोज घरचे चार मजले चढतात. पोट तर दगड पचवेल. मग नजर पायांकडे गेली. साध्या चपला, वर रंगाचं नाव नाही. वर्षभर त्या याच चपलांनी निळ्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लालमध्ये हिंडत होत्या, आणि कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तिन्ही फडकी आपापल्या बादलीवर नीट टांगली, बाहेर आल्या आणि तपासनीसांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मलाही काही झालेलं नाही, साहेब."

अशी ती दोन निरोगी माणसं बाहेर उभी राहिली आणि आत दवाखाना चालू राहिला. चालू म्हणजे कसा? मावशी नाहीत म्हणून काका कुणाला न विचारता उठले, दोन्ही पाय एकदम उचलायला गेले, आणि त्यांच्या कोपराने तपकिरी जंतुनाशकाची बाटली पाडली. ड्रेसर दादांनी हाताला लागेल ते फडकं ओढलं.

"दादा, ते लाल आहे," मावशी खिडकीतून म्हणाल्या.

"जरासंच पुसतो."

"जरासंच काय? ते संडासाचं आहे."

डॉक्टरीणबाई मदतीला धावल्या, त्यांनी तपासायच्या टेबलावरची चादर खाली टाकली आणि पायाने पुसू लागल्या. तपकिरी पावलं निळ्यातून निघाली, पिवळ्यात गेली, लालमध्ये वळली आणि परत आली. पाच मिनिटांत फरशीचा नकाशा झाला. तपासनीस खिडकीशी उभे राहून भराभर लिहीत होते आणि मावशी त्यांच्या पेनाकडे बघत होत्या.

"साहेब, मी आत जाऊ?"

"तुमच्या नियमाने नाही जाता येणार."

"तुमच्या नियमात काही बसतंय का बघा की."

तपासनीसांनी फाइल उघडली. कर्मचारी: डॉक्टर, ड्रेसर. सफाईच्या रकान्यात ठेकेदाराचं नाव आधीच पेन्सिलीने लिहून आलं होतं. त्यांनी पान उलटलं. "उपकरणं. वजनकाटा, बीपीचं मशीन, सुया-कात्र्या उकळायचं भांडं. उपकरणाला आजार असायची अट नाही. बंद पडलेलं नसलं की झालं."

"म्हणजे मी भांडं?"

"वाईट वाटून घेऊ नका."

मावशींनी फाइलीत डोकावून पाहिलं. "उपकरण ठेकेदाराला देता येतं?"

"छे. दवाखान्याचं उपकरण बाहेर नेलं तर माझ्यावर चौकशी लागेल."

"मग लिहा."

"चालू आहे का ते बघावं लागेल."

मावशी आत शिरल्या. आधी दादांच्या हातातलं लाल फडकं काढून घेतलं, मग चादर, मग डॉक्टरीणबाईंना खुर्चीत बसवून त्यांचे पाय वर करायला लावले. काकांचा डावा पाय, मग उजवा. निळं निळ्यात, पिवळं पिवळ्यात, तीन बादल्या, तीनदा पाणी. एकला पाच मिनिटं असताना फरशीत काकांना स्वतःचं तोंड दिसलं आणि ते खोकायचं विसरले. तपासनीसांनी खिडकीतूनच 'स्वच्छता समाधानकारक' लिहून सही केली, कारण उपकरण बाहेरून पाहिलं तरी चालतं, आणि मावशींच्या बाहीवर 'उपकरण क्रमांक आठ' अशी चिठ्ठी चिकटवून ते गेले.

"सुटलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशी, आता घरी जाऊन जेवून या."

"कशी जाऊ? बाहेर नेता येत नाही मला. साहेबांवर चौकशी लागेल."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग उपकरणांची वही काढली. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवता येत होतं, फक्त कारण लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं: उपकरण क्रमांक आठ. बिघाड: भूक. दुरुस्तीचं ठिकाण: घर. अंदाजे वेळ: पाऊण तास.

दार लेकीने उघडलं. आईच्या बाहीवरची चिठ्ठी तिने दोनदा वाचली.

"आई, हे काय? नोकरीचं काय झालं?"

"राहिली," चपला काढत मावशी म्हणाल्या. "मी दुरुस्तीला आलेय. वाढ."