नखाएवढी फट

बाबा गळाची काठी घेऊन दुकानात आले, तेव्हा ती हातात घेण्याआधीच बारकीने ओळखलं की हे मेणाचं काम आहे. काठी दोन तुकड्यांची. खालच्या तुकड्याची खुंटी वरच्या तुकड्याच्या नळीत बसते, आणि वर्षानुवर्षं घासून तो सांधा सैल होतो. खुंटीवर मेणबत्ती फिरवायची, फडक्याने पुसायची, की झालं. मासेमारीच्या सामानाच्या त्या दुकानात ती दिवसभर हेच करायची, गप्पा मारता मारता.

आज मात्र ती गप्प होती. सकाळीच आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं. बाबांची नजर कडांनी मिटत चालली होती. नाकासमोरचं तेवढं दिसे, पायाखालचं नाही. परवा गळ टाकायला गेले असताना ते धक्क्यावरून खाली गेले. ओहोटी होती म्हणून चिखलात पडले, नाहीतर सापडलेही नसते. समजावून झालं, भांडून झालं, चपला लपवून झाल्या. तेव्हा ते आईच्या चपला घालून गेले आणि येऊन म्हणाले, ह्या जास्त मऊ आहेत. काठीच नसली तर जातील कशाला, असं आईचं म्हणणं. ती दुरुस्त होत नाही एवढंच सांग, तुझं ऐकतील.

बारकीने तसं सांगितलं. बाबांनी सांध्यावरून अंगठा फिरवला.

"फट आहे की अजून," ते म्हणाले. "तूच सांगितलंस ना मला? फट आहे तोवर काठीत जीव आहे."

सांगितलं होतं खरं, नवी नवी नोकरी लागली तेव्हा, जेवताना, ऐटीत. खुंटी निमुळती असते. ती नळीत घट्ट अडकते, पण पुरती बुडत नाही. दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी फट राहते. खुंटी झिजते तशी ती आणखी आत जाते, आणि फट मिटली की आवळायला जागाच उरत नाही. बघणाऱ्याला मिटलेला सांधाच सुबक वाटतो.

बघते काहीतरी, असं म्हणून तिने काठी ठेवून घेतली. मालक जेवायला गेल्यावर पॉलिश पेपर काढला आणि खुंटी घासायला घेतली. जाणूनबुजून तिने आजवर काही बिघडवलं नव्हतं, तरी हात सवयीने एकसारखा, नीट फिरत राहिला. मधूनमधून नळी चढवून पाहिली. फट मिटली तेव्हा थांबली.

संध्याकाळी घरी बाबांनी काठी जोडली. दोन्ही तुकडे टोकाला टोक भिडले. त्यांनी ती हलवली, तर सांधा टकटक वाजला.

"मेण लावून बघितलं," बारकी म्हणाली. "पण पार गेलाय, बाबा."

"जाऊ द्या हो," आई आतून म्हणाली. "काठीने तरी किती वर्षं साथ द्यायची?"

बाबांनी तुकडे वेगळे केले. अंगठा खुंटीवरून आधी उभा, मग गोल फिरवला, सावकाश. आत पातेलं घासण्याचा आवाज चालू होता.

"झिजलेली खुंटी गुळगुळीत लागते," ते हळू आवाजात म्हणाले. "ही खरखरीत आहे."

बारकीने दुसरा तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"जाऊ नका म्हणायचं होतंस."

"म्हटलं होतं, बाबा. ऐकलंत कुठे?"

"नसतंच ऐकलं."

मग त्यांनी आईला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की काठी संपली, पोरीने बिचारीने खूप खटपट केली. आईचा आवाज लगेच हलका झाला. पानं घेतली आहेत, हात धुऊन घ्या, म्हणाली.

मोरी खोलीच्या टोकाला होती. भिंतीला हात लावत बाबा रोज तिथे जात. कुणी धरायला आलं तर झिडकारत, मी काय आंधळा आहे का म्हणत. आज ते खुर्चीत बसूनच राहिले. मग एक हात हवेत पुढे केला.

"धरा मला कुणीतरी," ते म्हणाले.

आई पदराला हात पुसत आली. "बघ, किती शहाणे झाले," ती बारकीला म्हणाली आणि त्यांना उठवून घेऊन गेली. बाबा प्रत्येक पावलाला थांबत होते, आई पुढचं सांगेपर्यंत.