कप्तानला कसं विचारायचं

कप्तान हरवला तेव्हा ताईच्या तोंडचं पाणी पळालं, आणि सापडला तेव्हा हसावं की रडावं तेच तिला कळेना.

तीन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत तो रांगेत उभा होता. तब्बल दीड तास! मागून कुणी आलं की हा बाजूला व्हायचा, त्याला पुढे घालायचा आणि परत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहायचा. बेकरीवाल्याला वाटलं, वा, काय सभ्य माणूस आहे. त्या बिचाऱ्याला काय माहीत! मोठ्या संस्थेत एकोणचाळीस वर्षं कप्तानचं कामच ते होतं. जेवणाची घंटा झाली की एकशेवीस जणांची रांग लावायची, सगळे पुढे गेले ना बघायचं, आणि शेवटी आपण ताट घ्यायचं. कप्तान हे नाव त्यावरूनच पडलं होतं.

ती संस्था आता हळूहळू रिकामी होत होती. हल्ली वारंच तसं आहे. बुद्धीने मागे राहिलेल्या माणसांना एका मोठ्या आवारात कोंडून ठेवू नये, चार-चार जणांनी साध्या गल्लीतल्या साध्या घरात राहावं, असं वरच्यांनी ठरवलं. चांगलंच ठरवलं, नाही कोण म्हणतंय? तर अशा एका घरात कप्तान, दिवसभर गुणगुणणारा गवय्या आणि एकमेकांचा हात न सोडणारे दोघे जुळे राहायला आले. जुळे काही जुळे नव्हते, वयात चांगलं दहा वर्षांचं अंतर होतं. पण नाव पडायला काय लागतं! त्यांना सांभाळायला दिवसा ही ताई, आणि रात्री दुसरी बाई यायची.

बेकरीची बातमी कप्तानच्या थोरल्या भावाला लागली आणि चौथ्या दिवशी त्याचा अर्ज येऊन पडला. माझ्या भावाला परत मोठ्या संस्थेत पाठवा.

हा भाऊ घड्याळजी, आता दुकान बंद करून घरी बसलेला. वाईट माणूस मुळीच नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बूट लख्ख पॉलिश करून, न चुकता यायचा. संस्थेत फाटकाजवळच्या बाकावर अर्धा तास बसायचा, इथे व्हरांड्यातल्या खुर्चीवर अर्धा तास. बूट काढून आत यायचं नावच नाही.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा याचा हात माझ्या हातात देऊन गेली. तिथे भिंत आहे, फाटक आहे, फाटकावर माणूस आहे. तुमच्याकडे काय, तर एक कडी. मांजरसुद्धा उघडेल!"

ताईला राग आलाच. पण कडी खरंच तशी होती.

मग कार्यालयातल्या मॅडमचा फोन आला. पंधरा दिवसांनी मी येते, म्हणाल्या, भावालाही बोलावते. कप्तान म्हणेल ती पूर्व दिशा. तिथे म्हणाला तर तिथे, इथे म्हणाला तर इथे. "आणि तुमचं ऐकतो ना तो? मग तुम्हीच विचारा, त्याला समजेल असं. मी फक्त लिहून घेईन."

ताईचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातचं खातो, आपल्या मागे मागे फिरतो, दुसरं काय म्हणणार तो?

दोनच दिवसांनी शर्टाची भानगड झाली.

रोज सकाळी ती विचारायची, "कप्तान, निळा की पांढरा?" आणि तो म्हणायचा, "पांढरा." कप्तानला पांढरा फार आवडतो, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वाढदिवसाला कौतुकाने आणखी दोन पांढरे आणले होते. त्या दिवशी पांढरा वर होता म्हणून तिने सहज उलटं विचारलं, "पांढरा की निळा?"

"निळा," कप्तान म्हणाला.

ताई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "निळा की पांढरा?"

"पांढरा."

दिवसभर तिने दुसरा उद्योग केला नाही. चहा की दूध? दूध. दूध की चहा? चहा. खिडकी उघडी की बंद? बंद. बंद की उघडी? उघडी. जे शेवटी सांगाल ते कप्तान परत हातात ठेवायचा, हसतमुखाने, वेळ न लावता. विचारणाऱ्याला बरं वाटावं एवढाच त्याचा हिशोब. एकोणचाळीस वर्षांत त्याला कुणी खरं विचारलंच कुठे होतं?

आणि मग तिला आठवलं. संस्थेतून निघायच्या आधी अशीच एक बैठक झाली होती आणि ताई तिथे हजर होती. "इथेच राहायचं की छोट्या घरात?" असं विचारलं होतं. कप्तान म्हणाला होता, छोट्या घरात. स्वतःच्या शब्दांत इच्छा व्यक्त केली, असं कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. कसली डोंबलाची इच्छा!

म्हणजे आता सगळं तिच्या जिभेवर होतं. तिथे की इथे, असं विचारलं की झालं, कप्तान कायमचा इथे. कुणाच्या बापाला कळलं नसतं. कपडे वाळत घालता घालता तिने ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं. कप्तान बादलीतला एकेक चिमटा काढून तिच्या हातात देत होता. इतका विश्वासाने देत होता की तिला स्वतःचीच चीड आली. तो जावा असं तिला अजिबात वाटत नव्हतं. पण त्याला काय वाटतं?

दुसऱ्या दिवसापासून तिने विचारणंच सोडून दिलं. दोन्ही शर्ट पलंगावर ठेवायची आणि खोलीबाहेर जायची. पहिल्या दिवशी कप्तान बनियनवर तासभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गवय्याने दोन्ही शर्ट एकावर एक चढवले आणि घरभर मिरवला. ताईने कपाळावर हात मारला, पण धीर सोडला नाही.

सहाव्या दिवशी कप्तान बाहेर आला तो तपकिरी स्वेटर घालून. भर उकाड्यात! संस्थेतून येताना गाठोड्यात आलेला, कोपराला विरलेला, कपाटात तळाशी पडलेला स्वेटर. निळा नाही आणि पांढराही नाही. घामाने डबडबला होता, पण चेहरा बघावा तर नवरदेवाचा.

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ठरलेल्या दिवशी मॅडम आल्या. घड्याळजी आले आणि व्हरांड्यातल्या आपल्या खुर्चीवर बसले. कप्तान स्वेटर घालून समोर बसला. मॅडमनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "हं, विचारा."

"विचारते," ताई म्हणाली. "कप्तान, इथे राहायचं की चंद्रावर?"

"चंद्रावर," कप्तान म्हणाला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मग ताईने सगळं सांगून टाकलं. शर्ट, चहा, दूध, ती जुनी बैठक, सगळं. "मी तिथे की इथे म्हटलं असतं तर तो इथेच म्हणाला असता, मॅडम. खोटं कशाला बोलू, मला तो इथेच हवाय. पण अशा उत्तराचं करायचं काय?"

घड्याळजी खुर्चीत पुढे सरकले.

"दर पहिल्या रविवारी मी त्याला एकच विचारायचो," ते हळूच म्हणाले. "तिथे, त्या बाकावर. इथे त्रास होतो का रे, की बरं आहे? आणि तो म्हणायचा, बरं आहे. एकोणचाळीस वर्षं, ताई. त्या उत्तरावर मी घरी जाऊन शांत झोपत होतो."

आत गवय्या गुणगुणत होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग आता मी लिहू काय?"

"काही विचारू नका. नुसतं थांबू या," ताई म्हणाली.

थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कप्तान भावाच्या बुटांकडे बघत होता. मग उठला, भावासमोर गुडघे टेकून बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ पक्की होती, पण त्याला घाई नव्हती. एक बूट काढला, मग दुसरा. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते घड्याळजींनी दुसऱ्या पायाखाली लपवायचा प्रयत्न केला. दाराशी चार खणांचं कपाट होतं, प्रत्येकाचा एक खण. कप्तानने आपल्या खणातल्या चपला एका बाजूला सारल्या आणि भावाचे बूट त्यांच्या शेजारी नीट लावून ठेवले. मग परत आला आणि भावाचा हात धरला.

"याचा अर्थ काय लावायचा?" मॅडमनी ताईला विचारलं, पण हलक्या आवाजात.

"मला कळला," घड्याळजी म्हणाले. "हा स्वेटरही माझाच आहे. थोरल्या भावाने अर्ज मागे घेतला, असं लिहा. आणि ती कडी मी बदलून देतो. त्याला उघडता येईल अशी, पण वाजणारी."

कप्तानने त्यांना हाताला धरून आत नेलं. आपला पलंग दाखवला, खिडकी दाखवली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. मग दोन कप काढून समोर ठेवले आणि थेट ताईच्या सुरात विचारलं,

"दादा, चहा की दूध?"

आजवर कप्तानने कुणाला काही विचारलेलं ताईने ऐकलं नव्हतं. घड्याळजींना दुधाची भयंकर शिसारी, जन्मात कधी कपभर प्यायले नव्हते. पण शेवटी ऐकलेला शब्दच तोंडातून निघाला.

"दूध," ते म्हणाले, आणि सायीसकट सगळं प्यायले.