खालचं टोक

"दादा, खालचं टोक आज माझं," धाकटा भाऊ म्हणाला आणि उस्तादांच्या हातातला, ओझं पेलायला खांद्यावर टाकायचा चामडी पट्टा त्याने हक्काने काढून घेतला.

जड सामान वाहणाऱ्या त्या चौघांच्या टोळीत जिन्यावर खालचं टोक म्हणजे सगळा भार, आणि तो अठ्ठावीस वर्षं उस्तादांचा. तिजोऱ्या, लोखंडी कपाटं, एकदा तर अख्खा छापखाना. कुठे ओरखडा म्हणून नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

त्या अभिमानानेच घात केला. गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन महिने ओझं उचलू नका म्हटलेलं, आणि हे महाशय विसाव्या दिवशी कपाट घेऊन जिन्यावर! वर सिगरेट आणि तिचा खोकला. बेंबीशेजारी फुगवटा परत आला. दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं.

"पोटात जाळी बसवलीय, पण ती धरून ठेवायची तुमच्याच मांसाने. सिगरेट आणि वाढलेली साखर जखम नीट भरू देत नाहीत. खोकला, सुटलेलं पोट, संडासला कुंथणं, सगळे आतून ढकलतात. त्यात तुमचं ओझं! तिसऱ्यांदा शिवायला धड जागा उरायची नाही. तिजोरीला आता जन्मात हात लावू नका."

सिगरेट सुटली, पोटही उतरलं. हातांची सवय तेवढी जात नव्हती.

आज दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिजोरी अडली. खाली धाकट्याचे पाय लटपटू लागले. वरचे दोघे घाबरून उस्तादांकडे बघायला लागले आणि उस्तादांचे हात आपसूक पुढे गेले.

"हात मागे, दादा!" धाकटा खालून ओरडला. "वहिनीला काय तोंड दाखवू मी? नुसतं सांग!"

सांगायचं काय? आजवर त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. जे काय होतं ते अंगाला ठाऊक. त्यांनी डोळे मिटले, स्वतःचा डावा गुडघा भिंतीला लावून पाहिला.

"डावा गुडघा भिंतीला टेकव. टेकला? भार मांडीवर घे. आता श्वास सोड आणि सोडता सोडता उचल. कोंडून धरू नकोस रे, मी जन्मभर तेच केलं."

तिजोरी हलली, वळली, वर गेली. "तुमच्या भावात दम आहे हो," तिजोरीचे मालक म्हणाले. स्वतःच्या कौतुकाने कधी आला नव्हता, तेवढा उस्तादांचा ऊर भरून आला.

घरी बायकोने नेहमीसारखा शर्ट मागून घेतला. पट्ट्याचा काळा डाग घासून घासून तिची बोटं झिजली होती.

"धाकट्याने नेली," उस्ताद म्हणाले. "एक ओरखडा नाही." तेवढ्यात खोकला आला, तसा डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी तळहात पोटावर दाबून धरला.

तिने शर्टाचा खांदा उजेडात धरून दोन्हीकडून पाहिला. मग न धुताच तो खुंटीला अडकवला.