काटेसाहेबांच्या पोटातलं बेट

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे आणि ज्या गृहस्थांच्या पोटात मी राहते, त्यांना मधुमेह झाला आहे.

झालेला नाही. आमच्या घरी हा शब्द उच्चारत नाहीत. फारच वेळ आली तर 'ते' म्हणतात. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. पुन्हा सुरुवात करते. मी एक जुनी पेशी आहे आणि आमच्याकडे सगळं उत्तम चाललं आहे.

माझी नेमणूक गृहस्थ आईच्या पोटात होते तेव्हाची. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव आडवा पडलेला असतो. त्यात आमची बेटं आहेत. बेट म्हटलं की तुम्हाला लाटा आणि वारा आठवेल. तसं काही नाही. हजारभर जणी दाटीवाटीने बसतो आणि आमच्यातल्या बहुतेक जणी इन्शुलिन बनवतात. रक्तात साखर वाढली की आम्ही इन्शुलिन सोडायचं, इन्शुलिनने स्नायूंच्या दारात जाऊन 'साखर आली आहे, आत घ्या' म्हणायचं आणि स्नायूंनी ती घ्यायची. एवढंच काम. पन्नास वर्षांत कुणी आभार मानले नाहीत, पण कुणी ओरडलंही नाही. सरकारी खात्यात याला उत्तम सेवा म्हणतात.

गृहस्थही सरकारी खात्यातच आहेत. दुकानांतले वजनकाटे तपासतात. सगळा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणतो. पितळी वजनांची पेटी घेऊन ते न सांगता दुकानात शिरतात. सांगून गेलं की काटा त्या दिवसापुरता सज्जन होतो, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं. वडिलांचीही हीच नोकरी होती.

वडिलांकडून त्यांना पेटी मिळाली, नाक मिळालं आणि अर्धी सूचनापुस्तिका मिळाली. ही पुस्तिका प्रत्येक पेशीत असते, अर्धी आईकडची आणि अर्धी बापाकडची. वडिलांकडच्या भागात आमच्या कामाच्या पानांवर काही चुका होत्या. कुठे 'लगेच सोडा' ऐवजी 'सावकाश सोडा' झालेलं, कुठे 'थकल्यास दुरुस्ती करा' ही ओळच गळालेली. अशा बारीक चुका सगळ्यांच्याच पुस्तिकेत असतात. एकेकटी चूक निरुपद्रवी असते. पण चार चुका एकत्र आल्या, त्यात सुटलेलं पोट आलं आणि प्रत्येक दुकानदाराने साहेबांसाठी मागवलेला तीन चमचे साखरेचा चहा आला, की मग गोष्ट वेगळी होते.

वडिलांचं आधी पायाचं एक बोट गेलं. मग दुसरं. मग नजर गेली. शेवटी ते पितळी वजनं हातात घेऊन नुसते चाचपत बसायचे आणि शंभर ग्रॅमला दोनशे म्हणायचे.

या सगळ्यातून आमच्या घराने एकच धडा घेतला. "वडिलांनी तपासून घेतलं आणि मग ते सुरू झालं," असं साहेबांची बहीण, म्हणजे घरातली आत्या, सांगते. "तपासलंच नसतं तर कुठून झालं असतं?" आत्याने स्वतः वीस वर्षं तपासलेलं नाही. पुरावा म्हणून ती दहा बोटं मोजून दाखवते. हाताची. पायात ती बारा महिने मोजे घालते.

मित्रांनो, आता मला जरा घाबरत घाबरत सांगावं लागेल.

काही वर्षांपूर्वी स्नायूंनी ऐकणं बंद केलं. आम्ही इन्शुलिन पाठवायचो, ते म्हणायचे, नंतर या. आम्ही दुप्पट पाठवलं. मग तिप्पट. साखर बाहेरच तुंबून राहिली आणि आम्ही सुट्टीशिवाय राबत राहिलो. एक दिवस माझ्या उजवीकडची गप्प झाली. डावीकडची आपलं कामच विसरली. तिला विचारलं, तू कोण? ती म्हणाली, तेच आठवत होते. मागची एकजण शांतपणे सगळं आवरून विरघळून गेली, निरोपही घेतला नाही. आमच्याकडे नवी भरती जवळजवळ होतच नाही. जागा रिकामी झाली की रिकामीच राहते. मी हल्ली मागे वळून बघत नाही.

आम्हाला डोळे-कान नाहीत, पण रक्त भयंकर चहाडखोर आहे. बाहेरचं सगळं येऊन सांगतं. एका सोमवारी बातमी आली, की साहेबांनी एका किराणा दुकानदाराचा चांगला काटा नापास केला.

"साहेब, काटा बरोबर मध्यावर आहे," दुकानदार म्हणाला.

"वीस ग्रॅम डावीकडे आहे."

"जरा वाकून बघता का?"

साहेब वाकले. मग आणखी वाकले. नाक पारड्याला टेकलं तरी त्यांना काट्याची दोन टोकं दिसत होती. त्यांनी पेटी बंद केली.

दुकानदाराने फोन केला तो त्यांच्या मुलीला. मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि लोकांना मोटार चालवायला शिकवते. ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, शुक्रवारी रक्त तपासायला जायचंय."

"मला काय धाड भरलीय?"

"मग जायला काय हरकत आहे?"

साहेबांनी तीन दिवस काकडी आणि पाणी यांवर काढले. चहा बंद केला. गच्चीत दोनशे फेऱ्या मारल्या. जन्मभर दुकानदारांच्या ज्या लबाड्या पकडल्या, त्यातली सर्वांत जुनी लबाडी त्यांनी स्वतःच्या रक्तावर केली. आम्हाला तीन दिवस थोडा दम खाता आला, तेवढ्यापुरतं मला भरून आलं होतं.

शुक्रवारी शिकाऊ गाडीत ते डाव्या सीटवर बसले. त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तिसऱ्या चौकात त्यांनी तो दाबला.

"पाय काढा, बाबा."

"आपोआप लागला."

"तुमच्यापेक्षा पहिल्या दिवशी शिकायला येणाऱ्या आजी बऱ्या."

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, उपाशीपोटीची साखर एकशे अठरा. फार वाईट नाही."

साहेबांनी मुलीकडे विजयी मुद्रेने बघितलं.

"पण ही दुसरी तपासणी तीन महिन्यांची आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते आणि त्या जगतात तोवर तशीच राहते. ती आलीये नऊ पूर्णांक दोन. साडेसहाच्या वर गेली की... डॉक्टर सांगतीलच."

"तीन महिन्यांची?" साहेब म्हणाले. "आधी सांगायची पद्धत नाही?"

"सांगून केली तर तपासणी कसली, काका?"

हे वाक्य साहेब स्वतः रोज निदान चार वेळा म्हणतात.

गाडीत बसल्यावर त्यांनी रिपोर्टची चौघडी घातली. मला वाटलं, आता हा खिशात जाणार आणि जन्मात बाहेर येणार नाही. मुलीने पाण्याची बाटली उघडली आणि अर्धी एका दमात संपवली. साहेब तिच्याकडे बघत राहिले. तिचं नाक आजोबांचं आहे.

"तुला फार तहान लागते का हल्ली?"

"दिवसभर ओरडून शिकवते, बाबा. घसा सुकतो."

"तू पण करून घे."

"काय?"

"ते." मग त्यांनी रिपोर्टची घडी उलगडली. "मधुमेहाची तपासणी."

मुलीने गाडी सुरू केली, पण बराच वेळ गिअर टाकला नाही.

मित्रांनो, आता गोळ्या सुरू आहेत आणि गच्चीतल्या फेऱ्याही. स्नायू हळूहळू ऐकू लागले आहेत. आमच्यावरचा भार कमी झाला आहे, पण गेलेल्या परत आलेल्या नाहीत. तुमच्या पोटातही असं बेट आहे. ते ओरडत नाही, दुखत नाही, खाजत नाही. म्हणून त्याची चौकशी तुम्हीच करायची असते आणि घरात 'ते' असेल तर लवकर करायची असते. पुस्तिका बदलता येत नाही. चहातली साखर बदलता येते. मुलीचा रिपोर्ट उद्या यायचा आहे. साहेब आज जेवलेले नाहीत. मीही वरिष्ठांना एक अर्ज लिहून ठेवला आहे.

प्रति,
माननीय प्रमुख, आनुवंशिकता विभाग.
विषय : सदोष पाने परत मागवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त पुस्तिकेतील काही सदोष पानांची प्रत अंदाजे पंचवीस वर्षांपूर्वी साहेबांच्या कन्येकडे रवाना झाली असण्याची शक्यता आहे. पाठवताना तिची संमती घेतल्याची नोंद आढळत नाही. तरी सदर पाने पूर्वलक्षी प्रभावाने परत मागवावीत व ती तिला कधीच मिळाली नव्हती असे कळवावे, ही नम्र विनंती. उद्या सकाळी दहाच्या आत उत्तर मिळाल्यास उपकार होतील.