बंधाऱ्यावरचा बगळा

"आधी तुम्ही सगळ्यांनी बोलायचं ना? मग मी गप्प बसते," असं म्हणून पंप-मेकॅनिकच्या बायकोने नवऱ्याने काढलेला फोटो स्टँडवर ठेवला आणि ती मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये रविवारी सकाळी या फोटोवेड्यांची बैठक भरायची. लवंगेच्या तेलाचा वास, फाटलेल्या रेक्झिनच्या खुर्च्या आणि एक नियम: ज्याचा फोटो असेल त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम डॉक्टरांचा स्वतःचा होता. खोटं कौतुक करायचं नाही, पण नुसतं 'वाईट' म्हणूनही सुटायचं नाही. "कीड दाखवलीत तर ती भरायची कशी तेही सांगा," असं ते बजावत. नवखी माणसं त्यांच्या जिभेला टरकून असत. मेकॅनिकला मात्र ती जीभ आवडायची. आपल्या फोटोची चिरफाड झाली की तोच सगळ्यांत मोठ्याने हसे आणि पुढच्या खेपेला तोच फोटो नव्याने काढून आणे.

तो मेकॅनिक महिन्यापूर्वी बंधाऱ्याखाली सापडला. पाय घसरला, एवढंच मंडळींच्या कानावर आलं होतं. डॉक्टर त्याला स्मशानात पोचवायलाही गेले होते.

फोटोत सकाळचं धुकं होतं, बंधाऱ्याची शेवाळलेली भिंत होती आणि भिंतीच्या टोकाला एक बगळा. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मेकॅनिकने शेवटच्या बैठकीला हाच बगळा आणला होता, पण काठावरून काढलेला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "हा बगळा आहे की चुन्याचा शिंतोडा? अर्धा फोटो नुसतं पाणी! अहो, देवाने पाय कशाला दिलेत? चार पावलं पुढे जा की." हशा पिकला होता. आता बगळा चांगला मोठा आला होता. तेवढा यायला भिंतीवरच उतरावं लागतं, हे सांगायला कोणी नको होतं.

"धुकं काय सुरेख आलंय," पोस्टमन म्हणाला.

"मला तर यात काही खोट काढवत नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या.

सगळे डॉक्टरांकडे पाहू लागले.

"छान आहे, वहिनी. रेघसुद्धा हलवायला नको."

मेकॅनिकच्या बायकोने नियम मोडला.

"असं तुम्ही ह्यांना कधी म्हणाला नव्हतात, डॉक्टर." तिचा आवाज चढला नव्हता. "कॅमेरा बंधाऱ्याच्या झडपेच्या दांड्यात अडकून राहिला होता. त्यातला हा शेवटचा. आदल्या दिवशी घरात एकच घोकत होते, या वेळी डॉक्टर काय म्हणतात बघू. मी भांडायला नाही आले. भांडायचं असतं तर महिनाभर थांबले नसते. ह्यांना जे ऐकायचं होतं ते मला ऐकायचंय."

डॉक्टर उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना 'थोडं दुखेल हं' म्हणणाऱ्या त्या माणसाला आज स्टँडपर्यंत जाणं जड गेलं.

"फोटो कललाय," ते बोट ठेवून म्हणाले. "उजवीकडे. तिथे... नीट उभं राहता येत नसणार." त्यांचं बोट बगळ्याकडे सरकलं. "बगळा डाव्या कडेला चिकटलाय आणि बघतोयही डावीकडेच. त्याच्या नजरेपुढे जागा हवी होती. आणि जवळ गेल्यामुळे पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब पायापाशी कापलं गेलं. आधीच्या फोटोत ते पुरं होतं."

"म्हणजे आधीचा बरा होता?"

"बरा होता. त्यातलं पाणी मला रिकामं वाटलं, ते रिकामं नव्हतं. त्यांना कळलं होतं, मला कळलं नाही. मी पुढे जायला सांगायला नको होतं, वहिनी." सगळ्यांसमोर रडू येईल याची डॉक्टरांना लाज वाटली नाही. भीती वाटली ती तिच्या पुढच्या प्रश्नाची.

तो आलाच. "मग कसा घ्यायचा होता? तेही सांगायचं असतं ना तुमच्यात?"

"काठावरूनच. होते तिथूनच. कॅमेरा फक्त जरासा डावीकडे वळवून."

ती पुढे आली. फोटोकडे तिने नवऱ्यासारखं मान तिरकी करून पाहिलं. काठ फोटोत नव्हताच.

"म्हणजे पुन्हा जावं लागलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"गेले असते हे." ती जवळजवळ हसली. "दुसऱ्या दिवशीच गेले असते."

तिने फोटो पदराने पुसून पिशवीत घातला आणि पुढच्या माणसासाठी स्टँड मोकळा केला. पुढचा फोटो पोस्टमनचा होता. त्याने तो मांडीवर उपडा ठेवला होता. तो काही उठला नाही.