बार झाला न्हाय

जोतीराम वर्षातले दोन महिने फौजी आणि दहा महिने गिरणीवाला. टेरिटोरियल आर्मीत असंच असतं. मलकापुरात मात्र लोक त्याला बारा महिने 'साहेब' म्हणत, दळण लवकर मिळावं म्हणून.

दर जुलैत तो आम्हा शहरी मंडळींना पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत चालवत नेई. खिंडीच्या अलीकडं जंगलात वाटेला फाटा फुटतो. तिथं तो जवळच्या वाडीतल्या केरबातात्याला उभा करी. मागं रेंगाळलेल्यांना तात्यानं वाट दाखवायची. सगळे खिंडीत पोचले की जोतीरामनं सुतळी बॉम्ब उडवायचा आणि बार ऐकून तात्यानं घरी जायचं.

"बार होईस्तवर जागा सोडायची न्हाय, तात्या."

"सोडतोय व्हय, साहेब!"

२००१ साली पाऊस असा की खिशातल्या तंबाखूचा काढा झाला. खिंडीत जोतीरामचं भाषण रंगलं. "गडावरनं तोफा ऐकू येईस्तवर बाजींनी जागा सोडली न्हाय! अंगाची चाळण झाली, पन सोडली न्हाय!" दोघातिघांचे डोळे भरून आले. बाकीच्यांचे चष्मे.

मग त्यानं बॉम्ब पेटवला. फुस्स. दुसराही तसाच.

"गडावरची दारू भिजली वाटतं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, जोतीरामही हसला. तात्याकडं कुणाला तरी धाडायचं त्याच्या मनात होतं. पण खालून ड्रायव्हरनं हॉर्न मारला, आणि बसमध्ये गरम भजी आली होती.

सकाळी पहिल्या एसटीनं तात्याची बायको बायडाबाई गिरणीत हजर. "आमचं मालक कुठं हायती?"

जोतीराम गिरणी चालू टाकून पळत सुटला.

केरबातात्या फाट्यावरच होता. घोंगडं पांघरून उकिडवा बसलेला, अंग तव्यासारखं तापलेलं.

"तात्या, निघून यायचं न्हाईस व्हय?"

"बार झाला न्हाय की, साहेब."

दवाखान्यातही तापाच्या भरात त्याचं तेच. "झाला का बार?" सगळी खिंड दणाणून सोडणाऱ्या जोतीरामच्या तोंडून साधं 'झाला' निघेना. निघालं तेव्हा ऐकायला तात्या नव्हता.

आता भाषण बँकेतले एक गृहस्थ करतात, तोफांसकट. बॉम्ब प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून नेतात आणि बार असा होतो की माकडं खिंड सोडून पळतात. फाट्यावर जोतीराम बसतो, तात्याचं घोंगडं घेऊन. शेवटी आम्हीच त्याला आणायला मागं जातो.

"साहेब, चला. बार झाला."

"मला न्हाय आला ऐकू."

मग वाडीवरनं बायडाबाईला बोलवावं लागतं. ती येते, कमरेवर हात ठेवून उभी राहते.

"ऊठ, जोत्या. एक मानूस बसवलास, त्येवढा बास झाला."

तो उठतो. घोंगडं मात्र तिथंच ठेवायला बघतो. ती ते उचलते, झटकते आणि काखेत मारून पुढं चालू लागते.