रेनकाबाईची भाकर

विठ्ठलराव गुरुजी मुलांवर कधी ओरडत नसत. मूल चुकलं की जवळ बसून, त्याची मान डोलेपर्यंत समजावत. ते निवृत्त झाल्यावर हेरंबनं, त्यांच्या मुलानं, लाकूड कोरणारं एक छोटं सीएनसी मशीन आणून दिलं आणि तेलंगणात, बोथमधल्या त्यांच्या घराची पडवी पुन्हा मुलांनी भरली. संगणकावर अक्षरं मांडायची, फळी घट्ट आवळायची, कोरायचं टोकदार बिट फळीला जेमतेम टेकवायचं. पुढचं कोरकाम मशीन करतं. कुणी घराची पाटी केली, कुणी आईसाठी भाकरी वाढायची, मूठ असलेली फळी.

मयूरीला आजीसाठी पाटी करायची होती. आजी, रेणुकाबाई, हायवेच्या फाट्यावर ज्वारीची भाकर आणि ठेचा विकायची. मयूरीनं पडद्यावर लिहिलं, ‘रेनकाबाईची भाकर’.

“काय चुकलं, बघ बरं,” गुरुजी म्हणाले.

“काई नाई सर. आजी असंच लिहिते.”

गुरुजी हसले. मयूरी तेलुगू शाळेत जायची. तिचं मराठी कानावरचं, लिहिताना असं होणारच. “अगं, आपण तसं बोलतो. लिहिताना ण, आणि त्याला उकार. रेणुका. लाकडावरचं रबरानं खोडता येत नाही. लोक हसतील.”

“पन सर, आजी...”

“आजीला छानच वाटेल. हे बघ, पुन्हा सांगतो.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. अखेर मयूरीनं मान डोलावली आणि अक्षरं बदलली.

शिवणीच्या लाकडाच्या फळीवर नाव सुरेख उठलं. मयूरीनं ते सँडपेपरनं घासलं, जवसाचं तेल चोळलं. ती आणि गुरुजी मिळून पाटी फाट्यावर घेऊन गेले.

रेणुकाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवलं. “लई साजरी झाली जी. कोनाचं नाव हाय हे?”

“आजे, तुह्यंच हाय न!”

“चाल! माह्यं असं नसते. मले दुसरं काई वाचता येत नाई, पन माह्यं नाव कुठंबी वळखू येते. मयूरीच्या आज्यानं शिकोलं व्हतं, अंगनात काडीनं लिहून.” ती पाटीकडे पाहत राहिली. मग तिचा आवाज उतरला. “पन गुरुजीनं केलं म्हनजे हेच बरोबर असन. मंग मी बँकेत आजवर चुकीचीच सही करून राह्यली का जी?”

मयूरी जमिनीकडे पाहत होती. ‘मी सांगतलं व्हतं’ असं ती म्हणाली असती, तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

“तसं नाही,” ते म्हणाले. “दोन्ही चालतं.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गुरुजी सुटल्यासारखे तिथून निघाले, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच त्यांना घरापर्यंत लाज वाटत राहिली.

त्यानंतर पडवीत कुणी मान डोलावली की त्यांचं बोलणं अडायचं. याला समजलं, की हा कंटाळला? रेणुकाबाईचं वाचणं म्हणजे ते एकच नाव. ते बाईच्या नवऱ्यानं दिलं होतं, आणि आपण ते शुद्धलेखन सांगून काढून घेतलं. आठवडाभर असं कुढल्यावर ते सरळ फाट्यावर गेले.

गिऱ्हाईक नव्हतं. परातीत पीठ पसरलेलं होतं. रेणुकाबाई त्यात बोटानं काही काढत होती आणि मयूरी शेजारी बसली होती.

“आजे, न नाई, ण. आन् त्याले उकार. हे पाय, पुन्हा सांगतो.”

शब्द गुरुजींचेच होते. आवाजही तसाच, न चिडणारा.

“या जी गुरुजी,” रेणुकाबाई ओशाळून हसली. “बुढी शाळेत चालली. लोकं हासतीन म्हनते पोरगी.”

गुरुजी परातीजवळ बसले. “रेणुकाबाई, चूक माझी झाली. मयूरी मला सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. तुमचं नाव तुम्ही लिहिता तसंच कोरायला हवं होतं. पाटी आम्ही पुन्हा करून देतो. एकदा लिहून दाखवा, तुम्ही आधी लिहायचात तसं.”

तिनं पीठ सारखं केलं. ‘रे’ झटकन काढला. मग बोट थांबलं. तिनं पाटीकडे पाहिलं, पुन्हा पिठाकडे. ओठ हलले.

“आता गोंधळ होऊन राह्यला जी,” ती म्हणाली. “यापुढं काय व्हतं?”

मयूरीनं सवयीनं गुरुजींकडे पाहिलं.

“तू सांग,” ते म्हणाले.

“पन सर, ते तं चूक हाय न?”

जन्मभर ज्या अक्षरावर गुरुजींनी लाल शाईनं गोल काढला, तो ‘न’ त्यांनी स्वतःच्या बोटानं पिठात लिहिला, ‘रे’ला चिकटून.

रेणुकाबाई वाकून पाहत होती. जरा वेळानं तिनं ‘का’ काढला, मग ‘बाई’, हळूहळू, प्रत्येक अक्षरानंतर गुरुजींच्या तोंडाकडे बघत.